नंदनवनची अभ्यासिका, सहा जुने डेस्कटॉप आणि डेबियन: कामाच्या नोंदी

नागपूरच्या नंदनवनमधल्या आमच्या अभ्यासिकेला एका कार्यालयानं सहा जुने डेस्कटॉप दिले. सगळे कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे. चारांत २ जीबी रॅम, दोघांत ४. इथे येणारी मुलं एमपीएससी आणि तलाठी भरतीची तयारी करतात. त्यांना मराठी टायपिंग, ब्राउझर आणि प्रिंट लागतं. शिवाय जुन्या प्रश्नपत्रिकांचे स्कॅन असे हवेत की त्यांत शब्द शोधता येईल. मी नोकरी करते, त्यामुळे काम फक्त शनिवार-रविवारी. ज्यांना असंच काम करायचं आहे त्यांच्यासाठी ही वही उतरवली आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, कारण वही मोठ्यानं वाचून एकजण टाइप करायचा. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतच द्यायच्या.

शनिवार, ४ मे २०२४

डेबियन १२ 'बुकवर्म' ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप ठरवला. या आवृत्तीला जून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत आणि २ जीबी रॅममध्ये ती नीट चालते. अभ्यासिकेत इंटरनेट नाही, म्हणून मागच्या वर्षी घरी उतरवून ठेवलेली १२.० ची डीव्हीडी प्रतिमा (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) पेन ड्राइव्हवर घेतली. पहिलं यंत्र पाऊण तासात उभं राहिलं.

नंतर पहिलीच सुडो कमांड (व्यवस्थापकाच्या अधिकारानं चालणारी) दिली तर उत्तर आलं की हा वापरकर्ता सुडोअर्स फाइलमध्ये नाही. पासवर्ड चुकला असेल म्हणून तीनदा टाकला. पासवर्ड बरोबरच होता. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाचा, पासवर्ड विचारतो. तो दिला की डेबियन समजतं तुम्ही रूट म्हणूनच काम करणार, आणि साध्या वापरकर्त्याला सुडो गटात घालत नाही.

मग 'सु' करून रूट झाले आणि वापरकर्त्याला गटात घालणारं 'यूजरमॉड' दिलं. 'कमांड नॉट फाउंड'. फाइल /यूएसआर/एसबिनमध्ये डोळ्यांसमोर दिसत होती. यात अर्धा तास गेला. नुसतं 'सु' केलं की जुन्या वापरकर्त्याचाच पाथ (कमांड ज्या फोल्डरांत शोधायची त्यांची यादी) राहतो, आणि त्यात एसबिनचे फोल्डर नसतात. 'सु' नंतर जागा सोडून एक आडवी रेघ दिली की रूटचं स्वतःचं वातावरण मिळतं. असंच नुसतं 'सु' करून डीपीकेजी (पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, बसवणारी मूळ कमांड) चालवलं तर 'एलडीकॉन्फिग' सापडत नाही अशी तक्रार येते, तिचंही कारण हेच.

गटात घातल्यावर लॉग आउट करून परत लॉग इन करावं लागतं. तेही विसरले होते.

दुसऱ्या यंत्रापासून रूटचा पासवर्ड दोन्ही रकान्यांत कोरा सोडला. मग सुडो आपोआप लागतं. सहा यंत्रं करणाऱ्यानं पहिल्यापासून हेच करावं.

रविवार, ५ मे

'ॲप्ट' म्हणजे लागणारी पॅकेजं शोधून, उतरवून बसवणारा प्रोग्रॅम. 'ॲप्ट इन्स्टॉल' केलं की डीव्हीडी टाका म्हणतं. पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेस डॉट लिस्ट फाइलमध्ये सीडीरॉमची ओळ होती, तिच्यापुढे # लावून ती बाद केली. इन्स्टॉल करताना नेट नव्हतं म्हणून नेटवरच्या ओळी नव्हत्याच. त्या हातानं लिहिल्या: मुख्य, अपडेट्स आणि सिक्युरिटी. प्रत्येकीत मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर. हा चौथा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झाला आहे. जुन्या सूचनांमधून ओळ उचलली तर तो राहून जातो आणि वायफाय कार्डाचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सापडत नाही.

आता दिवसभर खाल्लं ते प्रकरण. यंत्र दोन आणि पाचवर 'ॲप्ट अपडेट' (पॅकेजांच्या याद्या ताज्या करणारी कमांड) म्हणालं की सिक्युरिटीची रिलीज फाइल (याद्यांसोबत येणारी, तारीख आणि सही असलेली) अजून वैध झालेली नाही, ती वैध व्हायला चारशेहून जास्त दिवस आहेत. मी 'अजून' हा शब्द वाचलाच नाही. मला वाटलं फाइल अर्धवट उतरली. याद्यांचं फोल्डर रिकामं केलं, फोनचा हॉटस्पॉट बदलला, दुसरा मिरर (त्याच फाइली देणारा सर्व्हर) लावला. प्रत्येक वेळी याद्या नव्यानं उतरत होत्या आणि डेटा जात होता. दोन तास.

शेजारी बसलेला बारावीचा मुलगा म्हणाला, "ताई, याच्यात तारीख २०२३ ची काऊन दिसून राहिली?"

खरंच, पडद्याच्या कोपऱ्यात २०२३ होतं. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पाहिलं तर तिथे २००९. मदरबोर्डावरचा सेल संपलेला, आणि रात्री अभ्यासिका सांभाळणारे काका मुख्य बटण बंद करून जातात, त्यामुळे रोज सकाळी घड्याळ २००९ ला परत. मग लिनक्समध्ये २०२३ कुठून? कर्नलच्या (लिनक्सच्या मूळ भागाच्या) नोंदीत ओळ सापडली: घड्याळ सिस्टमडीच्या (यंत्र सुरू होताना बाकी सगळं उभं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वतःच्या बांधणीच्या तारखेच्याही मागे असेल तर सिस्टमडी ते निदान त्या तारखेपर्यंत पुढे ढकलतं. म्हणून वर्ष चुकीचं असूनही इतकं विचित्र वाटत नव्हतं आणि माझं लक्ष गेलं नाही.

'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' दिलं, तर एनटीपीची, म्हणजे नेटवरून वेळ जुळवण्याची, सोय नाही म्हणालं. इन्स्टॉल करताना जागा वाचावी म्हणून 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज'ची खूण मी काढली होती, आणि वेळ जुळवणाऱ्या टाइमसिंकडीचं पॅकेज त्याच्याबरोबर गेलं. २ जीबी रॅमच्या यंत्रातसुद्धा ती खूण काढू नये, वाचते ती जागा नगण्य असते. 'डेट' कमांडनं वेळ हातानं लावली, 'एचडब्ल्यूक्लॉक' नं ती बायोसमध्ये लिहिली, आणि 'ॲप्ट अपडेट' पहिल्या झटक्यात चाललं. मग सिस्टमडी-टाइमसिंकडी बसवलं.

संध्याकाळी बर्डीच्या बाजारातून सीआर २०३२ सेल आणले, ४० रुपयांना एक. सहाही यंत्रांत बदलले. २४० रुपये.

शनिवार, ११ मे

माझ्या फोनचा पॅक दिवसाला २ जीबीचा. प्रतिमा वर्षभर जुनी असल्यामुळे कर्नल, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळ्यांचे अपडेट येतात. तिसऱ्या यंत्राच्या मध्यावर डेटा संपला. एकच पॅकेज सहा वेळा उतरवण्यात अर्थ नव्हता, म्हणून यंत्र एकवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवलं. ते ३१४२ पोर्टवर बसतं, कोणत्याही यंत्रानं पहिल्यांदा मागितलेलं पॅकेज स्वतःकडे ठेवतं आणि बाकीच्यांना तिथूनच देतं. उरलेल्या पाच यंत्रांत ॲप्टच्या कॉन्फ फोल्डरमध्ये प्रॉक्सीची एक ओळ, म्हणजे पॅकेजं यंत्र एकमार्फत मागायची अशी सूचना. १५० रुपयांचा जुना स्विच आणि घरातल्या नेटवर्क वायरी. यानंतर डेटाचा प्रश्न आलाच नाही.

एक सांगून ठेवते: यंत्र एक बंद असेल तर बाकी सगळे 'कनेक्ट होऊ शकत नाही' म्हणतात, आणि संदेशात मिररचं नाव नसून आपल्याच यंत्राचा पत्ता असतो. पुढच्या आठवड्यात मुलांनी हे पाहून नेट गेलं असं मला फोनवर सांगितलं. पत्ता वाचायला सांगितला तेव्हा उलगडलं.

आज यंत्र तीनवर आणखी एक घोळ झाला. सुरक्षा अपडेट आपोआप यावेत म्हणून मी 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' बसवलं होतं. यंत्र बरेच दिवस बंद होतं, त्यामुळे चालू केल्याबरोबर राहिलेलं काम त्यानं मागच्या मागे सुरू केलं. इकडे मुलानं 'ॲप्ट इन्स्टॉल' दिलं, कुलूप मिळत नाही असा संदेश आला, आणि त्यानं कुठेतरी वाचलेला उपाय केला: लॉक फाइलच उडवली.

ही फाइल म्हणजे कुलूप नाही, आणि हे मुलांना समजावताना मलाही नीट समजलं. कुलूप असतं ते कर्नलनं त्या फाइलवर धरलेली पकड. फाइल उडवली तरी आधीची प्रक्रिया जुनी पकड धरून चालूच राहते. नवीन ॲप्ट नवी फाइल बनवून तिच्यावर पकड घेतं, आणि दोघं एकाच वेळी डीपीकेजीच्या डेटाबेसमध्ये लिहायला लागतात. आमच्याकडे चार पॅकेजं अर्धवट राहिली. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' नं (अर्धवट पॅकेजं पुरी करणारी कमांड) सावरलं, पण ते नशीब.

संदेशात कुलूप कोणाकडे आहे त्या प्रक्रियेचा क्रमांक आणि नाव दोन्ही लिहिलेलं असतं. ते नाव 'अनअटेंडेड-अपग्र' असं अर्धं दिसलं तर थांबायचं. आमच्याकडे सगळ्यात लांब वाट पाहिली ती बावीस मिनिटं.

रविवार, १२ मे

दुपारी अडीचला वीज गेली. यंत्र चार त्या क्षणी फाँट्स आणि लिबरऑफिसचे अपडेट खोलत होतं. यूपीएस नव्हता. पन्नास मिनिटांनी वीज आली.

'ॲप्ट' म्हणालं, डीपीकेजी मध्येच थांबलं आहे, आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. चालवलं. ते म्हणालं, एका फाँट पॅकेजच्या फाइल-यादीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण नाही, त्यामुळे पुढे जाता येत नाही. आणि थांबलं.

काका बाजूला उभे होते. "बेटा, परत पहिल्यापासून टाकून दे न."

मलाही तोच मोह झाला होता. पण आपल्याकडे वीज जातच राहणार, तेव्हा हे एकदा शिकून घेणं भाग होतं.

/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये प्रत्येक पॅकेजची '.लिस्ट' फाइल असते, त्या पॅकेजनं कुठे काय ठेवलं याची यादी. त्या फाँटची यादी उघडली तर शेवट तुटलेला, काही अक्षरं कचरा. मी आधी चूक केली: फाइल एडिटरमध्ये उघडून शेवटी एक एंटर मारला. डीपीकेजी पुढे सरकलं आणि पुढच्या पॅकेजवर तेच. तिथेही एंटर. अशा तीन फाइली 'दुरुस्त' केल्या. मग लक्षात आलं की तक्रार बंद झाली म्हणजे यादी बरोबर झाली असं नाही. यादी अर्धीच होती. उद्या ते पॅकेज काढलं तर त्याच्या निम्म्या फाइली डिस्कवर बेवारस राहिल्या असत्या.

योग्य रीत ही. तुटलेली '.लिस्ट' दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची, पुसायची नाही. मग डीपीकेजी फक्त इशारा देतं की यादी सापडत नाही, काही बसवलेलं नाही असं धरतो, आणि पुढे जातं. कॉन्फिगरेशन पूर्ण झालं की ज्यांची यादी हलवली त्या प्रत्येक पॅकेजला 'ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल'. यादी नव्यानं तयार होते. तिन्ही पॅकेजं अशी केली. शून्य बाइटच्या आणखी फाइली आहेत का ते 'फाइंड' नं शोधलं, एक सापडली, तीही केली.

'स्टेटस' फाइलच (कोणती पॅकेजं बसलेली आहेत याची नोंद) तुटली असती तर काम वाढलं असतं. तिची आधीची प्रत शेजारीच 'स्टेटस-ओल्ड' नावानं असते, आणि /व्हार/बॅकअप्स मध्येही जुन्या प्रती असतात. आम्हाला गरज पडली नाही, पण पुन्हा सुरू करण्याआधी तिथे पाहावं.

वेळ साडेतीन तास. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या दुकानातून वापरलेला यूपीएस घेतला, १,५०० रुपये. मोठा अपडेट फक्त यूपीएसवरच्या यंत्रावर करायचा, एका वेळी एक, असं ठरलं.

शनिवार, १८ मे

प्रिंटर. हा दिवस सगळ्यात कठीण गेला.

दान मिळालेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीनं '.डेब' (डेबियनचं पॅकेज) म्हणून दिला आहे, पण तो ३२ बिटचा. 'डीपीकेजी -आय' केलं तर म्हणालं पॅकेज आय३८६ (३२ बिट) आहे, सिस्टम एएमडी६४ (६४ बिट). मी '--फोर्स-आर्किटेक्चर' लावून तो बळजबरीनं बसवला. तो अर्धवट बसला, आणि त्यानंतर ॲप्ट दुसरं काहीच बसवेना. प्रत्येक कमांडला 'अनमेट डिपेन्डन्सीज' (लागणारी दुसरी पॅकेजं नाहीत), आणि '--फिक्स-ब्रोकन' चालवा असा सल्ला. तो चालवला तर ॲप्टनं मांडलेला बेत असा: ड्रायव्हर काढून टाकतो. 'वाय' (होय) दाबायच्या आधी यादी वाचली म्हणून कळलं. तेव्हा 'वाय' च दाबलं. ड्रायव्हर गेला आणि सिस्टम जागेवर आली.

मग क्रमानं केलं. 'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६'. त्यानंतर 'ॲप्ट अपडेट', हा टप्पा गाळला तर ३२ बिटच्या याद्या येतच नाहीत आणि काहीच सापडत नाही. मग 'ॲप्ट इन्स्टॉल' आणि फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ. ती नसेल तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपॉझिटरीत (नेटवरच्या पॅकेजांच्या भांडारात) शोधतं आणि नाही म्हणतं. यावेळी लागणारी ३२ बिटची लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) आपोआप आली. शेवटी 'एन' नं सुरू होणारी एक ओळ दिसली, की फाइलपर्यंत '_ॲप्ट' या वापरकर्त्याला पोचता आलं नाही म्हणून रूटनं वाचली. मुलं घाबरली. ती फक्त सूचना आहे. ओळ 'ई' नं सुरू झाली तर काम अडलेलं असतं, 'डब्ल्यू' म्हणजे इशारा, 'एन' म्हणजे माहिती. आणि 'ई' च्या चार ओळी आल्या तर सर्वांत वरची आधी वाचायची, खालच्या बहुतेक तिचीच पिल्लं असतात. हे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

बसला, पण छापेना. छपाई सांभाळणाऱ्या कप्समध्ये 'फिल्टर फेल्ड' इतकंच. केबल बदलली, प्रिंटर दुसऱ्या यंत्राला लावला, पीपीडी (प्रिंटरच्या वर्णनाची फाइल) परत निवडली. एक तास वाया. शेवटी कप्सच्या फिल्टर फोल्डरमधल्या ड्रायव्हरच्या फाइलवर 'एलडीडी' चालवलं. लायब्ररींची यादी आली आणि एका ओळीपुढे 'नॉट फाउंड': लिबकप्स. पॅकेज बनवणाऱ्यानं ती डिपेन्डन्सी लिहिलीच नव्हती, म्हणून ॲप्टला कळायचा मार्ग नव्हता. 'ॲप्ट इन्स्टॉल लिबकप्स२:आय३८६'. दोन मिनिटांत चाचणीचं पान बाहेर आलं. ते पान भिंतीवर लावलं आहे.

रविवार, १९ मे

यंत्र सहावर मुलाला एका टायपिंग सरावाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी होती. तिला लिबसी या लायब्ररीची २.३८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. डेबियन १२ मध्ये २.३६ आहे. त्यानं उबुंटू २४.०४ (लिनक्सचं दुसरं वितरण) ची ओळ सोर्सेसमध्ये टाकली. सही तपासायची किल्ली नाही म्हणून ॲप्टनं नकार दिला, तर त्यानं ओळीत 'ट्रस्टेड=येस' घातलं. मी पोचले तेव्हा पडद्यावर कित्येक पॅकेजं बदलण्याची आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पन्नासेक काढण्याची यादी होती, आणि त्याचं बोट 'वाय' वर.

थांबवलं. ओळ काढली, परत अपडेट. काही बिघडलं नव्हतं. लिबसी ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या खालची वीट आहे. ती दुसऱ्या वितरणातून आणली तर पुढे कोणत्याच अपडेटची खात्री राहत नाही. सही तपासण्याची अट उठवणं तर त्याहून वाईट, मग कोणीही काहीही देऊ शकतो. मी त्याला रागावले नाही. तो स्वतः शोधत होता, ते मला हवंच आहे. प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती डेबियनच्याच भांडारात होती, तिच्यावर त्याचं काम भागलं.

मराठी टायपिंगला फार वेळ लागला नाही. आयबस-एम१७एन (भारतीय भाषांत टाइप करायची सोय) बसवून इन्स्क्रिप्ट निवडलं, लॉग आउट, लॉग इन.

शनिवार, २५ मे

आज नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला. कूलर खिडकीत आणि त्याचा ओला वारा थेट यंत्र दोनवर, म्हणून टेबल हलवलं.

आता ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, ते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकुराचा थर घालायचा, ओसीआरमायपीडीएफ या प्रोग्रॅमनं. आतून चित्रातली अक्षरं ओळखायचं काम, म्हणजे ओसीआर, टेसरॅक्ट करतं.

मी घरून आणलेल्या सूचना जुन्या निघाल्या. त्यांप्रमाणे मराठीची प्रशिक्षित फाइल हातानं उतरवून टेसरॅक्टच्या '४.००' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. टेसरॅक्ट म्हणालं 'एमएआर' (मराठी) भाषा उघडता येत नाही. नीट वाचलं तर ते ज्या जागी शोधत होतं ती जागाच संदेशात होती, '५/टेसडेटा'. डेबियन ११ मध्ये टेसरॅक्ट ४ होतं, १२ मध्ये ५ आहे, फोल्डर बदललं. हातानं ठेवलेलं सगळं काढलं आणि 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' पॅकेज बसवलं. '--लिस्ट-लँग्स' मध्ये मराठी दिसली.

पुढे सूचनेत 'पिप इन्स्टॉल' (पायथन भाषेतले प्रोग्रॅम बसवणारी कमांड) होतं. पिपनं नकार दिला: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं. डेबियन १२ पासून सिस्टमच्या पायथनमध्ये पिपला हात घालू देत नाहीत, कारण ॲप्टनं बसवलेल्या पायथन पॅकेजांशी ते भांडतं. संदेशातच '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' हा पर्याय दिलेला असतो, आणि नावातच तो काय करतो ते आहे. तो न वापरता पिपएक्स बसवलं, त्यानं वेगळी जागा करून प्रोग्रॅम टाकला, तर 'कमांड नॉट फाउंड'. घरच्या '.लोकल/बिन' चा पाथ नव्हता. 'पिपएक्स एन्श्युअरपाथ', नवं टर्मिनल, चाललं.

हे सगळं झाल्यावर सहज 'ॲप्ट सर्च' केलं. ओसीआरमायपीडीएफ डेबियन १२ मध्ये आहेच, १४.०. आपल्या कामाला पुरेसं. दीड तास उगीच गेला. पिपएक्सचं काढून ॲप्टचं ठेवलं, म्हणजे सहाही यंत्रांना अपडेट एकाच वाटेनं मिळतील.

रविवार, २ जून

२ जीबीच्या यंत्रांवर ओसीआर अर्ध्यात मरतं. पडद्यावर एकच शब्द, 'किल्ड'. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज' मध्ये कारण: मेमरी संपली, कर्नलनं प्रक्रिया मारली. ओसीआरमायपीडीएफ प्रोसेसरचे सगळे गाभे (कोअर) वापरून अनेक पानं एकदम घेतं. '--जॉब्स १' दिलं की एकेक पान. हळू होतं, पण पूर्ण होतं. यंत्र चारसाठी २ जीबीची वापरलेली पट्टीही घेतली, ४०० रुपये.

काही पीडीएफमध्ये आधीच थोडा मजकूर असतो, त्यांवर ते थांबतं. '--स्किप-टेक्स्ट' दिलं की अशी पानं सोडून पुढे जातं. तिरक्या स्कॅनला '--डेस्क्यू'. भाषा 'मराठी अधिक इंग्रजी', कारण प्रश्नपत्रिका दोन्हींत असते.

चार वाजता एका मुलीनं २०१७ च्या पेपरमध्ये 'पंचायत' शोधलं आणि पान सातवर पिवळी पट्टी आली. तिनं लगेच शेजारणीला बोलावलं. जोडाक्षरं अजून चुकतात, दोन रकान्यांच्या पानांवर ओळी एकमेकींत शिरतात, आणि फिकट झेरॉक्सचे पेपर परत स्कॅन करावे लागतील.

यंत्र चार आज रात्रभर यूपीएसवर चालू ठेवलं आहे. काकांना मुख्य बटणाला हात लावू नका असं सांगितलं आणि बटणावर चिठ्ठी चिकटवली. एकोणीस फाइली बाकी आहेत.